गरिबी हटवणारं ऑफिस आपल्याच पाड्यात आहे

(तोरणमाळ येथील मेळाव्यात संघटनेच्या तरुण कार्यकर्त्यांच्या वतीने केलेलं भाषण. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत. पाड्यावर मोठ्याने वाचून दाखवावं.)

दऱ्या उतरून आणि घाट चढून इथवर पायी आलेल्या आया-बायांनो, बाप-काकांनो, कारभारी, पुजारा, आणि आमच्या बरोबरीच्या पोरा-पोरींनो,

आम्ही बारावीपर्यंत शिकलो. आमच्यातले काही आश्रमशाळेत शिकले, काही धडगावला खोली करून. तुम्ही आम्हाला कागद वाचायला शिकवलं, म्हणून आज कागदात काय आहे ते तुम्हाला सांगणं आमचं काम आहे. भाषण मोठं करणार नाही. पण आज एक निर्णय घ्यायचा आहे, त्यासाठी थोडं मागचं-पुढचं बोलावं लागेल.

आपल्या भागात गरिबी कमी करायला किती जण आले, ते आठवा. कुणी जीप घेऊन आलं, कुणी पाटी लावून गेलं. कोंबड्या वाटल्या, शिलाई मशीन वाटलं, फोटो काढले. तीन वर्षांनी योजना संपली, ऑफिसला कुलूप लागलं, पाटी गंजली. त्या सगळ्यांनी वाईट केलं असं आम्ही म्हणत नाही. काहींनी चांगलंही केलं. पण ते आले तसे गेले. मग कायम राहणारं कोण? आपला पाडा राहतो. पाड्याची ग्रामसभा राहते. तिला जीप नाही, खुर्ची नाही, आंब्याच्या सावलीत बसते. पण कायद्याने तिच्या हातात जे दिलंय, ते त्या जीपवाल्यांच्या हातात कधीच नव्हतं.

पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. आपण आळशी म्हणून गरीब झालो नाही. जंगल राखीव झालं तेव्हा आपल्याला कुणी विचारलं नव्हतं. इंग्रजांच्या 1878 आणि 1927 च्या जंगल कायद्यांनी आपण आपल्याच रानात चोर ठरलो. खाली सपाटीवर जमिनी सावकाराच्या वहीत गेल्या. 1972 साली शहाद्याला आपल्या आधीच्या पिढीने भूमुक्ती परिषद भरवली, श्रमिक संघटना उभी केली. अंबरसिंग महाराजांसारखे आपले माणूस त्यात पुढे होते. बायांनी दारूचे मडके फोडले. त्या काळात राज्यात आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत करायचा कायदा झाला, पुढे रोजगार हमीचाही कायदा झाला. हे वरून पडलं नाही. लोक रस्त्यावर बसले म्हणून झालं. वनहक्क कायदा 2006 साली आला, तोही देशभरचे आदिवासी रस्त्यावर बसले म्हणून आला.

ग्रामसभेच्या हातात काय आहे

13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जी वनजमीन आपण कसतो, तिचा पट्टा मिळतो, जास्तीत जास्त 4 हेक्टर. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने. दाव्याची तपासणी पूर्ण होईपर्यंत कुणी हुसकावू शकत नाही. हे आता बहुतेकांना पाठ आहे.

पण दुसरा हक्क आपण विसरतो. तो सामूहिक हक्क आहे. मोह, चारोळी, डिंक, मध, औषधी पाला, बांबू, या गौण वनोपजाची मालकी आपली आहे. ते गोळा करणं, विकणं, गावाबाहेर नेणं, हे हक्क आपले. आणि जे जंगल आपण पिढ्यान् पिढ्या राखलं, ते राखण्याचा आणि त्याचा कारभार करण्याचा हक्क ग्रामसभेचा. 2012 साली नियम सुधारले. त्याप्रमाणे माल वाहून नेण्याचा परवाना ग्रामसभेची समिती देते. वनहक्क समिती 10 ते 15 जणांची, त्यात दोन तृतीयांश आदिवासी आणि निदान एक तृतीयांश बाया पाहिजेत. सभेला निम्मे लोक हजर पाहिजेत, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. त्या नसतील तर ती सभाच नाही.

हे खरंच चालतं का, असं कुणी विचारेल. गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचं छोटं गोंड गाव आहे. 2009 साली त्यांना सुमारे 1,800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायला परवाना मिळेना. गाव मागे हटलं नाही. एप्रिल 2011 मध्ये केंद्राच्या मंत्र्याला आणि मुख्यमंत्र्याला गावात येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात द्यावं लागलं. तिथे निर्णय सर्वांच्या एकमताने होतात. एक माणूस जरी नाही म्हणाला तरी पुन्हा बसतात. त्यासाठी ते आधी अभ्यास गटात बसून विषय समजून घेतात. ते आपल्यापेक्षा हुशार नाहीत. फक्त रोज बसतात.

मग आपलं अडतं कुठे?

आता आपल्या घरची गोष्ट सांगतो.

आषाढ-श्रावणात आपली कणगी रिकामी होते. तेव्हाच मुकादम येतो. उचल देतो. दिवाळी झाली की नवरा-बायको मिळून एक कोयता, पोरं पाठीवर, गुजरातला उसाला. आम्ही त्या खोपटांत वाढलोय. आमच्यातल्या एकीची शाळा चौथीत दोन वर्षं बुडाली, कारण धाकट्या भावाला सांभाळायला फडावर कुणी नव्हतं. हंगाम संपतो, हिशेब होतो, आणि मुकादम म्हणतो, अजून तुमच्याकडेच बाकी आहे. होळीला परत येतो तेव्हा हातात काही नाही. मग घरापुढच्या आंब्याकडे बघतो.

आपले आंबे आपल्या आज्यांनी लावले. पण कैरी मोठी व्हायच्या आधीच कितीतरी झाडं व्यापाऱ्याच्या नावावर लागलेली असतात. कुणाच्या दवाखान्यासाठी, कुणाच्या लग्नासाठी, कुणाच्या मिठा-मिरचीसाठी. मग चैत्र-वैशाखात आपणच कैरी उतरवतो, आपल्याच बाया दिवसभर बसून साल काढतात, फोडी करतात, बोटं आंबटाने कातरून जातात, डोंगरावर फोडी वाळवतात, अवकाळी आला तर रात्री धावत जाऊन गोळा करतात. आमचूर धडगावला, मोलगीला जातो, तिथून पुढे मोठ्या शहरांत जातो. भाव कोण ठरवतो? काटा कुणाचा? झाड आपलं, मेहनत आपली, आणि आपण आपल्याच झाडाखाली मजूर.

हे आम्ही एका पाड्यावर बोललो तेव्हा एक म्हातारे बाबा उठले. म्हणाले, "पोरांनो, व्यापाऱ्याला शिव्या देता. माझ्या सुनेला रात्री बाळंतपणात त्रास झाला, तेव्हा त्याने रात्री दार उघडून पैसे दिले. तुमची समिती तेव्हा कुठे होती?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. आज सगळ्यांसमोर कबूल करतो. आम्ही कायद्याची कलमं पाठ केली, मोर्चे काढले, पण रात्री दार उघडणारी समिती केली नाही. लढा आणि रोजचं जगणं यात आम्ही अंतर ठेवलं. त्या अंतरात व्यापारी बसला, मुकादम बसला.

दुसरी चूकही आपलीच. एका गावात ग्रामसभेचं रजिस्टर कुणाच्या तरी पिशवीत फिरत होतं. आम्ही ते मागून वाचलं, तेव्हा त्यात एक ठराव निघाला. खाली आपल्याच लोकांचे अंगठे. सभा झाली होती हे कुणालाच आठवत नव्हतं. अंगठे मात्र खरे होते, रेशनच्या कामासाठी म्हणून घेतलेले. ज्याच्या पिशवीत रजिस्टर, त्याचीच ग्रामसभा, असं झालं.

नवीन काही आणायचं नाही

आपल्याकडे लाह आहे. एकाच्या शेतात निंदणी राहिली, घर बांधायचं राहिलं, की पाडा जमतो. मजुरी नाही, फक्त जेवण. उद्या दुसऱ्याच्या शेतात. लाह करायला कुणी सरकारकडून पैसे मागितले का? ज्या समाजाला लाह येते, त्याला समिती चालवणं शिकवायला बाहेरून माणूस आणायची गरज नाही. लाहेला फक्त वही जोडायची.

म्हणून आज आम्ही तुमच्यासमोर चार गोष्टी ठेवतो. पटल्या तर हात वर करा. नाही पटल्या तर इथेच सांगा, घरी जाऊन नको.

एक. धान्याची कणगी. पीक आलं की प्रत्येक घरातून एक पायली धान्य, मका असो की ज्वारी, पाड्याच्या एकाच कणगीत. श्रावणात ज्याच्या घरी नसेल त्याने न्यावं, नवीन पीक आल्यावर परत करावं आणि वर एक मूठ जास्त टाकावी. ज्या घरी एक पायलीही निघत नाही, त्यांच्याकडून घेऊ नका. तेच घर आधी घेणार आहे. कणगीची किल्ली बाईकडे.

दोन. अडीनडीचा पैसा. बायांच्या बचत गटाचा पैसा आहे, तो आणि वनोपजाच्या विक्रीतला थोडा हिस्सा मिळून एक फंड. बाळंतपण, आजारपण, मयत, यासाठी रात्री बारा वाजताही मिळाला पाहिजे. त्यासाठी थोडी रक्कम पाड्यावरच ठेवावी लागेल, बँकेत सगळी नको. सकाळी सगळ्यांना सांगायचं, कुणाला दिले, किती दिले. लपवायचं काही नाही. त्या बाबांना आमचं उत्तर हेच असेल.

तीन. झाड लावून द्यायचं नाही. येत्या हंगामात निदान निम्मी झाडं मोकळी ठेवू. ज्याचं झाड आधीच लागलंय त्याला कुणी टोमणा मारू नका, त्याची अडचण फंडातून सोडवा. आमचूर एकत्र करू, आपल्या काट्यावर मोजू, मग व्यापाऱ्याला बोलावू. व्यापारी शत्रू नाही. पण चाळीस घरांचा माल एका ठिकाणी असला की तो आपल्या अंगणात येऊन भाव बोलतो. एकटा माणूस डोक्यावर गोणी घेऊन बाजारात उभा राहिला की संध्याकाळी गाडी निघायच्या आत मिळेल त्या भावाला देतो. हा फरक आहे.

चार. रोजगार हमी. काम नाही म्हणून तोंडी सांगून परत येऊ नका. नमुना 4 भरा, तारखेची पोच घ्या. पोच नाही तर मागणी नाही, असंच ते म्हणतील. 15 दिवसांत काम नाही तर बेकार भत्ता द्यावा लागतो. पट्ट्याच्या जमिनीवर बांधबंदिस्ती, विहीर, झाडं लावणं, ही कामं आपण ग्रामसभेत सुचवू शकतो. ही मागणी भादव्यातच करा, मुकादमाची उचल घ्यायच्या आधी. उचल घेतल्यावर काम आलं तर त्याचा काय उपयोग?

राखायचं कसं

समिती झाली की ती खराबही होऊ शकते. आपलीच माणसं आहेत म्हणून ती खाणार नाहीत असं नाही. म्हणून रजिस्टर कुणाच्या घरी राहणार नाही, सगळ्यांना बघता येईल अशा जागी पेटीत राहील. बँकेच्या कागदावर तीन सह्या, त्यातली एक बाईची. दर महिन्याला हिशेब मोठ्याने वाचायचा, आणि तो आपल्या बोलीत सांगायचा. मराठीत वाचून दाखवला आणि म्हातारीला कळला नाही, तर तो वाचला असं धरायचं नाही. कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचा नाही, अगदी आम्ही मागितला तरी नाही.

आणि एक सावधगिरी. उद्या सरकार म्हणेल, तुमची कणगी आहे, तुमचा फंड आहे, मग आता रेशन कशाला, दवाखाना कशाला? तसं चालणार नाही. तोरणमाळला पाहुणे तलाव बघायला येतात, त्यांच्यासाठी रस्ता होतो. खालच्या पाड्यातून बाळंतिणीला झोळीत घालून आणावं लागतं. दवाखाना, रस्ता, शाळा, रेशन, हे सरकारचं देणं आहे. आपली समिती त्याचा हिशेब मागणार, त्याचा बोजा आपल्या डोक्यावर घेणार नाही.

मेंढ्याचे लोक म्हणतात, दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. म्हणायला सोपं आहे. पण सरकार व्हायचं तर रात्री दार उघडावं लागतं, सकाळी हिशेब द्यावा लागतो. तेवढं आपण करू शकतो. आपल्या आज्यांनी कागदाशिवाय केलं, आपण कागदासकट करू.

पुढच्या अमावास्येच्या आत प्रत्येक पाड्याने बसायचं, बायांना पुढे बसवायचं, आणि ठराव लिहून पेटीत ठेवायचा. लिहायला कुणी नसेल तर आम्हाला बोलवा. आम्ही चालत येऊ.

जिंदाबाद!