'ध'चा 'मा' आणि औषधाची चिठ्ठी



चौतीस वर्षे मी मुलांची अक्षरे तपासली. अमळनेर, पारोळे आणि शेवटी धुळे, अशा तीन ठिकाणच्या शाळांत माझी नोकरी झाली. इतिहासाच्या तासाला १७७३ सालच्या नारायणराव पेशव्यांच्या वधाचा पाठ आला की, एका अक्षराच्या फेरफाराने 'धरावे'चे 'मारावे' झाले ही लोकांत रूढ असलेली कथा मी रंगवून सांगत असे, आणि लगोलग शुद्धलेखनाच्या वह्या बाहेर काढावयास लावीत असे. मुले हसत. ते अक्षर एके दिवशी माझ्याच घरात येऊन उभे राहील, असे मला तेव्हा वाटले नव्हते.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, पारोळ्याकडील एका खेड्यात मुलापाशी राहते. तिला रक्तदाबाचा विकार आहे. डॉक्टरांनी रोज सकाळी घ्यावयाची एक गोळी बदलून दिली. भाच्याने चिठ्ठी तालुक्याच्या गावी औषधाच्या दुकानात दिली, गोळ्या आणल्या, आणि अक्काने त्या श्रद्धेने घेतल्या. दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी होती. सकाळची गोळी घेऊन ती देवापुढे बसली, पोटात अन्नाचा कण नव्हता. दहाच्या सुमारास तिला दरदरून घाम सुटला, हात कापू लागले आणि ती असंबद्ध बोलू लागली. शेजारणीने उपासाचा अशक्तपणा समजून तिला गुळाचे पाणी पाजले. त्या माउलीला औषधातले काही कळत नव्हते. परंतु त्या गुळानेच अक्का वाचली, असे पुढे इस्पितळातील डॉक्टरांनी आम्हांस सांगितले. गोळी रक्तदाबाची नव्हतीच. ती मधुमेहाची, रक्तातील साखर उतरविणारी होती. दोन्ही नावांची पहिली दोन अक्षरे सारखी, आणि चिठ्ठीवरील पुढचा भाग म्हणजे एक लांबलचक रेघ!

मी त्या दुकानी गेलो. भिंतीवर नोंदणीकृत औषधनिर्मात्याचे प्रमाणपत्र चौकटीत होते. ज्याचे ते होते तो गृहस्थ मात्र नव्हता. खिडकीपाशी एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा उभा होता. भांडावयाचे म्हणून गेलो होतो, पण त्याचा चेहरा पाहून शब्द फुटेना. तो म्हणाला, "गुरुजी, मला ते तसंच वाचता आलं. डॉक्टरांना फोन केला तर ते रागावतात." घरी येऊन भाच्याला विचारले, "गोळीचा रंग निराळा दिसला तेव्हा तू का विचारले नाहीस?" तो खाली मान घालून म्हणाला, "मामा, इतक्या गर्दीत दुकानदारले कसं इचारू?"

म्हणजे चूक एकाच्या हातून झाली, परंतु विचारावयाचे तिघांनीही टाळले. डॉक्टरांना वेळ नव्हता, पोराला भीती होती, भाच्याला लाज होती. यांपैकी लाज तेवढी आपल्या हातची आहे, म्हणून आज तिच्याविषयी बोलावयाचे.

कायदा काय म्हणतो ते आधी सांगतो. आपल्या देशात औषधांचा कायदा १९४० सालचा आहे आणि त्याचे नियम १९४५ सालचे. चिठ्ठीवाचून विकता न येणारे औषध नोंदणीकृत औषधनिर्मात्याच्या देखरेखीखालीच दिले पाहिजे. एवढेच नव्हे, तर अशा लिहून दिलेल्या औषधाऐवजी दुकानदाराने आपल्या मनाने दुसरे देता कामा नये. "कंपनी दुसरी, औषध तेच" हे उत्तरही तेथे चालत नाही. बदल हवा असेल तर तो डॉक्टरांकडून लिहून आणावयाचा. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव वाचता येईल असे, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असेही वैद्यक परिषदेने २०१६ साली ठरविले होते. सारख्या नावांचा प्रश्न तर थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. हिवतापावरील 'फाल्सिगो' आणि 'फाल्सिटॅब' या दोन औषधांच्या नावांवरून कॅडिला नावाच्या दोन कंपन्यांत वाद झाला. तेव्हा, इतर मालाच्या नावांतील साम्यापेक्षा औषधांच्या नावांतील साम्य अधिक कठोरपणे तपासले पाहिजे, असे न्यायालयाने २००१ साली म्हटले. साबण बदलला तर अंगाला वास निराळा येईल, एवढेच. औषध बदलले तर माणूस जाईल.

माझ्या लहानपणी गावच्या दवाखान्यात कंपाउंडर असे. आपली बाटली आपणच विसळून न्यावयाची. तो तांबडे औषध ओतून बाटलीवर मात्रांच्या खुणांची कागदी पट्टी डकवी आणि "एक खूण सकाळी, एक सांजच्याला" असे आजीकडून दोनदा वदवून घेई. त्या औषधात काय होते ते देव जाणे, आणि त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा हेतूही नाही. परंतु ते वदवून घेणे फार शहाणपणाचे होते. आता ते आपण उलट्या बाजूने करावयाचे. खिडकीवर औषध हाती आले की तेथेच म्हणावे, "हे कशाचे? किती वेळा? जेवणाआधी की नंतर?" पट्टीवरील नाव चिठ्ठीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. स्वतःला वाचता येत नसेल तर रांगेतील एखाद्या शाळकरी मुलाला सांगावे. त्याला तेवढाच अभिमान वाटेल. आपल्याकडे पैशाच्या ओढीने पुष्कळ लोक चार-पाच गोळ्याच सुट्या घेतात. कात्री चालते तेव्हा पुष्कळदा नाव एका तुकड्यावर राहते आणि मुदतीची तारीख दुसऱ्यावर. आपल्या तुकड्यावर या दोन्ही गोष्टी नसतील तर पावतीवर लिहून मागाव्या. छापील किंमत सर्व करांसह असते. तिच्यावर एक पैसा जास्त देण्याचे कारण नाही.

पावतीचा विषय निघाला म्हणून दुसरी हकीकत सांगतो. साक्री तालुक्यातील माझा एक जुना विद्यार्थी कोरडवाहू कापूस पिकवितो. त्याच्या वडिलांना शस्त्रक्रियेसाठी धुळ्यातील एका खाजगी इस्पितळात ठेवले होते. उपचार सरकारी योजनेतून मंजूर झालेला. या योजनेचा इतिहास धुळेकरांना ठाऊक असावयास हवा. २ जुलै २०१२ रोजी ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने राज्यातील पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होते. जळगावास ती नोव्हेंबर २०१३ मध्ये मिळाली. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. यादीतील मंजूर उपचारासाठी रुग्णाकडून पैसा घ्यावयाचा नाही, हा तिचा पायाच आहे. तपासण्या, औषधे, जेवण हे सारे त्या ठरलेल्या रकमेत येते.

असे असता तिसऱ्या दिवशी मुलाला सांगण्यात आले की, "सरकार निम्मेच देते, औषधांचा वाटा तुमचा." त्याने बायकोच्या कानांतले गहाण ठेवून ५,५०० रुपये भरले. खाजगी विम्याच्या काही करारांत असा वाटा खरोखरच लिहिलेला असतो, आणि यादीबाहेरच्या उपचाराला पैसे पडतातच. म्हणून विचारल्यावाचून आरडाओरडा करण्यातही अर्थ नाही. विचारावयाचे ते एवढेच: "हा वाटा कोठे लिहिला आहे, ते दाखवा. आणि जे घेता त्याची छापील पावती द्या."

तो माझ्याकडे आला तेव्हा रुग्ण घरी गेलेला होता. इस्पितळातील आरोग्यमित्राच्या टेबलापाशी आम्ही दोघे बसलो, लेखी अर्ज दिला, १५५३८८ या क्रमांकावरही तक्रार नोंदविली. दुकानाच्या चुकीसाठी जळगाव व धुळे या दोन्ही ठिकाणी अन्न व औषध प्रशासनाचे कार्यालय आहे, हेही लक्षात असू द्यावे. आणि ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तेथे फीसुद्धा पडत नाही. पहिल्या सल्ल्यासाठी १९१५ हा क्रमांक आहे.

आमच्या अर्जाचे उत्तर यावयास सात आठवडे लागले. छापील पावत्यांचे ३,१०० रुपये परत मिळाले आणि कानांतले सुटले. उरलेले २,४०० रुपये ज्या तीन कोऱ्या चिठ्ठ्यांवर घेतले होते, त्यांवर दुकानाचे नाव नव्हते, तारीख नव्हती, सही नव्हती. नुसता आकडा आणि त्याखाली एक रेघ. त्या चिठ्ठ्या मी माझ्या जुन्या हजेरीपत्रकात जपून ठेवल्या आहेत.