दुःखसहन आणि गौरव



रुग्णालयात दुःखाविषयी बोलताना शब्द जपून वापरावे लागतात. वेदनेने तळमळणाऱ्याच्या खाटेशी उभे राहून दुःखाची थोरवी सांगणे सोपे असते, कारण ते दुःख आपले नसते. म्हणूनच दुःखसहन हा पुनरुत्थानाच्या गौरवाचा मार्ग आहे, या ख्रिस्ती विचाराचा अर्थ नीट समजून घ्यावयास हवा.

शुभवर्तमानांतील प्रभू येशू रुग्णांना सोसण्याचा उपदेश करीत नाही. अंध, पक्षाघाती, कुष्ठरोगी यांना तो बरे करतो. गेथशेमाने बागेत, शक्य असल्यास आपल्यापुढील दुःखाचा प्याला टळावा, अशी त्याने स्वतः प्रार्थना केली. अर्थात दुःख हे स्वतः पवित्र नव्हे. प्रीतीपोटी दुसऱ्यासाठी पत्करलेले दुःख व्यर्थ जात नाही, हे वधस्तंभाचे सांगणे आहे. पुनरुत्थानानंतरही ख्रिस्ताच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते आणि तेच त्याने थोमाला दाखविले. गौरवाने जखमा पुसल्या नाहीत. त्यांना अर्थ दिला.

याचे उदाहरण आपल्याच पुणे जिल्ह्यात आहे. पंडिता रमाबाईंचे आई-वडील व थोरली बहीण १८७० च्या दशकातील दुष्काळात गेली. १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती निवर्तले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातून वाढले. भुकेने माणूस कसा मरतो हे त्यांनी घरातच पाहिले होते. म्हणून परक्यांची भूक त्यांना परकी वाटली नाही. १९२१ मध्ये एकुलती कन्या मनोरमा गेली. तरीही बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही. १९२२ मध्ये त्यांचे देहावसान झाले.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. हिशेबाच्या भाषेत सांगतो. दुःख ही मुदत ठेव नव्हे, की मुदत भरताच गौरव व्याजासह हाती पडावे. आणि दुसऱ्याचे दुःख तर आपल्या खात्यावर जमा धरताच येत नाही. गरिबाला 'सोस, देव पाहील' असे सांगून दारातून परत पाठविणे ही श्रद्धा नव्हे.

निघोजे-चाकण परिसरात यंत्रात बोटे गमावलेला कंत्राटी कामगार दाखल होतो, तेव्हा त्याच्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न अनामत रकमेचा असतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखावयाच्या असून, एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावयाची आहे. ही कायद्याची किमान मर्यादा झाली. ज्या क्रूसाचे नाव आपण घेतो, त्याची अपेक्षा याहून मोठी आहे. या सवलतीची माहिती रुग्णाने विचारण्यापूर्वी प्रवेश खिडकीवरच त्याला मिळावी, एवढी विनंती मी सर्व सहकाऱ्यांना करतो.

पुनरुत्थानाची आशा परमेश्वराच्या हाती आहे; आजची वेदना कमी करणे मात्र आपल्या हाती आहे.