येरळेच्या पात्रात एक तास

येरळा सातारा जिल्ह्यात उगम पावते आणि सांगली जिल्ह्यात कृष्णेला मिळते. तिच्या काठची आपली पोरे परिसंस्थेची व्याख्या पाठ करतात. पण वाळू उपसली की विहिरी का आटतात, हे त्यांना ठाऊक नसते. वाळू पाणी धरून ठेवते, ती गेली की पाणीही जाते.

१९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीरांनी शिकणाऱ्या मुलांच्या हाती कुदळ दिली. बळवडी-तांदुळवाडीच्या शेतकऱ्यांनी येरळेवर बळीराजा धरण बांधताना भूमिहीनांचाही पाण्यात वाटा धरला.

म्हणून आम्ही म्हणतो, महिन्यातून एक तास नदीत, एक बांधावर घ्या. गुरुजींसोबत आपण उभे राहू. पाण्याचा हिशेब कळलेले पोर उद्या वाळूच्या ठेकेदाराला ग्रामसभेत जाब विचारील.