एका रात्रीचा तंबू



मुलांना एका-दोन रात्रींच्या शिबिराला धाडायचे म्हटले की पालकांना पहिली काळजी निवाऱ्याची. तेव्हा तंबू घेताना किंमत मागाहून विचारा. आधी पाहा, अंधारात, वाऱ्यात मुले तो स्वतः उभारू शकतील काय?

दोन लवचिक काठ्या फुलीसारख्या वाकवून उभारायचा घुमटाकार तंबू यासाठी उत्तम. तो खुंट्यांवाचून उभा राहतो. आपल्या कोकणातील कातळावर खुंटी शिरतच नाही, तेथे हा गुण मोलाचा. दोऱ्या मात्र जड दगडांना बांधाव्यात, नाहीतर रिकामा तंबू वारा घेऊन जाईल. फेकताच उघडणारे तंबूही मिळतात, पण त्यांची घडी घालताना भल्याभल्यांची दमछाक होते, आणि ती मोठी चकती एसटीत ठेवायची कोठे?

‘तिघांसाठी’ लिहिलेल्या तंबूत सामानासह दोघेच नीट झोपतात. वरचे आच्छादन वेगळे असावे. एकेरी कापडावर श्वासाची वाफ साचून पहाटे अंथरूण भिजते.

पावसातसुद्धा स्टोव्ह वा शेगडी आत नेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तो झोपेतच जीव घेतो.

निघण्यापूर्वी अंगणात किंवा गच्चीवर मुलांनी तंबू दोनदा उभारावा, एकदा दिवा मालवून. पालकांनी नुसते पाहावे, हात लावू नये.