पाणचक्की आणि आपल्या गावची जाती



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'संगणक क्षेत्रातील अनुभव' असं छापलं आहे. त्यात ऐकण्यासारखं फार नाही, म्हणून मी चक्क्यांबद्दल बोलते.

कंपनीच्या कामासाठी नेदरलँड्समध्ये होते, तेव्हा एका रविवारी किंडरडाइकला गेले. कालव्याच्या काठाने १९ पवनचक्क्या, बहुतेक १७४० च्या आसपासच्या. या धान्य दळत नाहीत. सखल शेतांतलं पाणी उपसून वर टाकण्यासाठी त्या बांधल्या. परत आल्यावर मुद्दाम छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहिली. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची ही चक्कीही त्याच सुमाराची, १७४४ ची. आपण शाळेतून गिरडच्या टेकडीवर जायचो, तसंच इथेही आधी दर्गा आणि मग बाकीचं.

पाणचक्कीत मला सगळ्यात आवडली ती पाण्याची वाट. दूरच्या डोंगरातून मातीच्या नळांतून पाणी शहरापर्यंत आणलं. उगम उंचावर असल्यामुळे ते पाणी इथे एका उंच भिंतीत आपोआप वर चढतं. पंप नाही, मोटार नाही. तिथून खाली पडताना ते पात्यांचं आडवं चाक फिरवतं, चाकाचा उभा दांडा वर जातो आणि जात्याची वरची तळी फिरते. फकिरांसाठी, मुसाफिरांसाठी त्यावर दळण व्हायचं. बघताना मला आपली चक्की आठवली. लाइन गेली की डब्यांची रांग तिथेच थांबायची आणि घरी आई पुन्हा जात्यावर बसायची. सकाळच्या भाकरीपुरतं तरी पीठ हवंच ना! जातं फार छान होतं असं मी म्हणणार नाही. आजीचे खांदे म्हातारपणी किती दुखायचे, ते मी पाहिलं आहे. विजेची चक्की आली ते बरंच झालं.

पण एक गोष्ट मला सोडत नाही. युनेस्कोने २०१७ मध्ये नेदरलँड्समधल्या पवनचक्क्या आणि पाणचक्क्या चालवण्याच्या कारागिरीला वारसा म्हणून मान्यता दिली. इमारतींना नव्हे, कारागिरीला! वारा कुठून येतो, शिडाचं कापड किती उघडायचं, हे तिथले हौशी लोक जुन्यांकडून शिकून घेतात. आमच्या कामातही हेच असतं. जुना प्रोग्रॅम कागदोपत्री पूर्ण असतो, पण तो चालवणारा माणूस निवृत्त झाला की कोणी त्याला हात लावत नाही.

आपल्याकडे जाती अजून आहेत. कुणाच्या अंगणात पायरी झालीत, कुणाच्या गोठ्यापाशी पडलीत. वर्ध्याला मगन संग्रहालय आहे, गांधीजींनी १९३८ मध्ये उद्घाटन केलेलं. ग्रामोद्योगाची साधनं पाहायची तर मुलांना तिथे जरूर न्यावं. पण मूठ किती टाकायची, दाणे संपत आले की आवाज कसा बदलतो, जात्याला टाकी कधी लावायची, हे आपल्या आयांनाच ठाऊक आहे. माझी आई पंच्याहत्तरीची आहे. तिला विचारलं तर म्हणाली, "त्यात काय सांगायचं? बसलं की येते." मग ती बसली, आणि तिचा हात कसा फिरतो हे मी पहिल्यांदाच नीट पाहिलं.

म्हणून मुख्याध्यापकांकडे मी शाळेतली एक खोली मागितली आहे. दिवाळीच्या सुट्टीत तीन-चार जाती तिथे मांडू, तुमच्या-आमच्या आयांना बोलावू, मुलांना दळू देऊ आणि सगळं मोबाइलवर टिपून ठेवू. ज्यांच्या घरी जातं आहे त्यांनी जेवणानंतर माझ्याकडे नाव द्या. आमच्या जात्याचा खुंटा मोडला आहे. आपल्या वर्गात सुतारकाम येणारं कोणी आहे का?