फील्ड टेस्टचा आकडा कुठल्या यंत्राचा?



नजरेवर पोट असणारी माणसं आपल्या सोलापुरात फार आहेत. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर उभ्या कामगाराला तुटलेला धागा क्षणात दिसावा लागतो. विड्या वळणाऱ्या बायकांनाही दिवसभर नजर हातावर ठेवावी लागते. मधुमेहामुळं किंवा वयोमानानं डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग बिघडला, की ही माणसं सांगतात, "अक्षरं वाचता येतात हो, पण धागा सापडत नाही." तक्रार खरी असते. पडद्यावर शाबूत राहिलेल्या एखाद्या लहानशा जागेनं माणूस डोळे तपासायच्या तक्त्यावरची ओळ वाचून जातो, आणि भोवतीचं नुकसान तक्त्याला कळतच नाही.

म्हणून पडद्याच्या एकेका जागेला किती मंद प्रकाश जाणवतो, ते मोजतात. स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथं हान्स गोल्डमन यांनी १९४५ साली यासाठी अर्धगोलाकार यंत्र बनवलं. त्यात तपासणारा माणूस प्रकाशाचा ठिपका हातानं फिरवायचा. पुढं संगणकावर चालणारी यंत्रं आली. त्यांतलं हम्फ्री हे नाव काचबिंदूच्या रुग्णांना माहीत असतं; फील्ड टेस्ट म्हणतात ती बहुधा त्याच्यावरच होते. रुग्णानं समोरच्या खुणेकडं टक लावायची आणि ठिपका दिसला की बटण दाबायचं.

अडचण येते ती पडद्याचा मध्यच खराब असतो तेव्हा. अशा रुग्णाला खूण नीट दिसत नाही. मग तो नकळत डोळा जरा वळवून शेजारच्या चांगल्या जागेनं बघतो, आणि सगळा नकाशाच सरकतो. यावर उपाय म्हणजे मायक्रोपेरिमेट्री नावाची तपासणी; तिची यंत्रं तपासणी चालू असताना पडद्याचं चित्र बघत असतात. डोळा हलला तर ठिपकाही त्याच्याबरोबर हलवतात, म्हणजे ठरलेल्या जागीच प्रकाश पडतो. मधल्या पडद्याच्या आजारात मला ही तपासणी जास्त विश्वासाची वाटते. काचबिंदूत बाजूची नजर बघायची असते, तिथं हम्फ्रीच हवं.

आता आकड्यांकडं येऊ. रुग्णांचा घोर वाढतो तो इथंच. हे माप डेसिबलमध्ये देतात आणि त्याची चाल उलटी असते. शून्य म्हणजे त्या यंत्राचा सगळ्यात प्रखर ठिपका. आकडा जितका मोठा, तितका मंद ठिपका डोळ्याला दिसला. दर दहा डेसिबलला प्रकाश दहापट कमी होतो. पण सगळ्यात प्रखर म्हणजे किती, हे यंत्रागणिक बदलतं. अपॉस्टिल्ब या एककात सांगायचं तर हम्फ्रीचा ठिपका १०,००० पर्यंत जातो, मायक्रोपेरिमेट्रीच्या यंत्रांपैकी माइयाचा १,००० पर्यंत, आणि जुन्या एमपी-१चा फक्त ४०० पर्यंत. ठिपक्यामागचा उजेडही सारखा नसतो: हम्फ्रीत ३१.५, बाकी दोघांत ४.

त्यामुळं निरोगी डोळ्याला हम्फ्रीवर मध्याजवळ तीसच्या आसपास डेसिबल मिळतात, आणि तोच डोळा एमपी-१वर विसाच्या वर जाऊच शकत नाही, कारण त्या यंत्राची मोजपट्टी विसालाच संपते. सुरुवातीचा बारीक बिघाडही तिथं निसटू शकतो. उलट, एमपी-१वर शून्याचा ठिपकाही दिसला नाही, म्हणून ती जागा आंधळी झाली असं ठरत नाही. त्याहून प्रखर ठिपका कदाचित दिसेल. दोन वेगवेगळ्या गजांनी मोजलेल्या कापडाचे आकडे शेजारी ठेवून कापड आटलं असं कोणी म्हणू नये, तसंच हे आहे. साधी वजाबाकी करून एका यंत्राचा आकडा दुसऱ्यात बदलताही येत नाही.

आपल्याकडचे बरेच रुग्ण पुढच्या तपासणीसाठी पुण्याला नाहीतर हैदराबादला जातात. तिथं दुसरं यंत्र असतं. घरी येऊन दोन्ही कागद जुळवतात आणि डोळा गेला म्हणून धसका घेतात. माझी कळकळीची विनंती आहे: शक्य तोवर त्याच यंत्रावर, त्याच प्रोग्रॅमवर पुन्हा तपासून घ्या. हम्फ्रीतसुद्धा २४-२ या प्रोग्रॅममध्ये ठिपके सहा-सहा अंशांवर पडतात, १०-२ मध्ये दोन-दोन अंशांवर. प्रोग्रॅमचं नाव कागदावर छापलेलं असतं. जुने कागद फाइलमध्ये जपून ठेवा आणि परगावी जाताना सगळे बरोबर न्या.

आणखी एक. पहिल्या खेपेला बटण कधी दाबायचं हेच उमगत नाही, त्यामुळं निकाल खराब येऊ शकतो. दुसऱ्या खेपेला तो बऱ्याचदा सुधारतो. थकलेला डोळाही चुकतो. रात्रपाळी करून थेट तपासणीला येऊ नका. झोप झाल्यावर या, आणि मध्येच डोळा शिणला तर तपासणाऱ्याला थांबायला सांगा. यंत्र थांबवता येतं.