छातीत धडधड होते तेव्हा



बँकेची नोटीस आली त्या रात्री माझी छाती धडधडू लागली, हातांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना. वाटलं, संपलं. दवाखान्यात ईसीजी काढला, हृदय ठणठणीत. कृषीची पदवी घेतलेला मी, कपाशीचा ताण पानावरून ओळखतो, स्वतःचा ओळखला नाही.

वाघ समोर आला की शरीर पळायच्या तयारीला लागतं. अ‍ॅड्रेनालिन रक्तात उतरतं, ठोके वाढतात, श्वास भराभर चालतो. नोटिशीपुढून पळणार कुठं? श्वास अति झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. मुंग्या आणि चक्कर बहुतेक त्यानेच. साधारण १० मिनिटांत जोर चढतो, मग ओसरतो. तोवर खाली बसा. नाकाने हळू श्वास घ्या, त्याहून हळू सोडा. झटक्याशी झुंजू नका.

पण छातीत दुखलं तर घरी अंदाज बांधायचा नाही, १०८ लावा. आणि फवारणीनंतर घाम, लाळ, उलटी, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक, असं दिसलं तर ती विषबाधा समजा. २०१७ साली यवतमाळात आपण माणसं गमावली. तिथं श्वास मोजत बसू नका. कपडे काढा, अंग साबणाने धुवा, औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा.